वादमर्यादा : अभ्यासमंडळातील चर्चेचे नियम

दोन वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ आधी सांगतो, कारण पुढचे सारे विवेचन तिच्यातूनच निघाले आहे. बडोद्यातील आमच्या लहानशा अभ्यासमंडळाची मासिक बैठक होती. विषय होता, चार-पाच पिढ्या गुजरातेत राहिलेल्या घरांतली मराठी. एका काकूंनी आठ पानांचा निबंध लिहून आणला होता. तिसऱ्या पानाशी वाचता वाचता त्यांच्या तोंडून सहज गेले, ‘मला ते फावत नाही.’ श्रोत्यांत बसलेल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी तिथेच अडवले. ‘फावत नाही’ हे गुजराती झाले, मराठीत ‘जमत नाही’ म्हणतात, असे ते म्हणाले. थोडा हशा झाला. काकू म्हणाल्या, ‘आमच्या आजी असंच म्हणायच्या.’ त्यावर सर म्हणाले की आजी म्हणत असत म्हणून शब्द मराठी होत नाही. आणि मग भाषासंकर या विषयावर ते वीस मिनिटे बोलले. चांगलेच बोलले. साडेसात वाजता सभागृहाचा रखवालदार किल्ल्या वाजवीत दारात उभा राहिला, तेव्हा अध्यक्षांनी काकूंना सांगितले की वेळ संपली आहे, उरलेला निबंध पुढच्या बैठकीत वाचावा. पुढच्या बैठकीला काकू आल्या नाहीत. त्यानंतरही आल्या नाहीत.

त्या बैठकीचा अध्यक्ष मी होतो.

घरी येऊन विचार करू लागलो तर ‘फावला वेळ’ आणि ‘चोरांचे फावले’ हे आपण रोज म्हणतो. ज्ञानेश्वरीतही हे क्रियापद भेटते. गुजरातीत तेच क्रियापद अंगवळणी पडणे, सोयीचे पडणे या अर्थाने घरोघरी चालते. मग काकूंच्या वाक्यातला अर्थ शेजारून आला, की जुन्या मराठीतला इकडे टिकून राहिला? अभ्यासमंडळाला याहून चांगला प्रश्न कोणता मिळणार होता? तो आम्ही हशात घालवला, आणि प्रश्न आणणाऱ्या बाईंनाही घालवले.

आता आपण म्हणाल, सभेत सभ्यतेने वागावे एवढा साधा नियम पाळला असता तरी पुरे होते. पण त्या दिवशी असभ्य कोणीच बोलले नव्हते. सरांनी काकूंना ‘आपण’ म्हणूनच संबोधले होते. मीही नम्रपणेच थांबवले. सभ्यतेचा नियम मोडलेला नसतानाही अन्याय झाला, याचा अर्थ आम्हांला लागणारा नियम दुसऱ्याच जातीचा होता. त्याला जुन्या शास्त्रात एक नेमका शब्द आहे, तो म्हणजे वादमर्यादा.

हा शब्द मिळतो चरकसंहितेत. वैद्यकाच्या ग्रंथात वादाचे नियम कशाला, असे वाटेल. पण विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात वैद्याने वैद्याशी चर्चा कशी करावी, हे चरकाने फार बारकाईने सांगितले आहे. चुकीचे मत सभेत जिंकले तर उद्या रोग्याच्या जिवावर बेतेल, हे वैद्याइतके कोणाला ठाऊक असणार! चर्चेतील उपयोगाच्या ४४ पदांची यादी तिथे आहे, आणि तिच्याआधी वादमर्यादेची छोटीशी व्याख्या आहे. तिचा आशय असा की मर्यादा म्हणजे तीन गोष्टी आधी ठरवणे : काय बोलायचे, काय बोलायचे नाही, आणि काय झाले असता हार झाली असे समजायचे. एवढेच. शिष्टाचार, गोड बोलणे यांचा या व्याख्येत उल्लेखही नाही.

चरक चर्चेचे दोन प्रकार करतो. एक संधाय संभाषा, म्हणजे मैत्रीने केलेली. दुसरी विगृह्य संभाषा, म्हणजे लढून जिंकण्यासाठी केलेली. पहिली कोणाशी करावी? ज्याला ज्ञान आहे, जो चिडत नाही, मत्सर करीत नाही, ज्याला समजूत घालता येते आणि स्वतःची घालूनही घेता येते, त्याच्याशी. अशा माणसाशी मोकळेपणी बोलावे, मोकळेपणी विचारावे. त्याच्याकडून हरण्याची भीती बाळगू नये. आपण जिंकलो तर हर्ष करू नये आणि चारचौघांत त्याचा डंका पिटू नये. या सूचना आजही जशाच्या तशा भिंतीवर लावाव्यात अशा आहेत. एक गंमतही चरकाने हेरली आहे. गुरू जी गुपिते मर्जीतल्या शिष्याला हळूहळू, वर्षानुवर्षे सांगतो, ती जिंकण्याच्या भरात असलेला प्रतिपक्षी एका बैठकीत भडाभडा सांगून टाकतो. म्हणून चर्चा करावी. ज्याने एकदा तरी दोन विद्वानांना भांडताना ऐकले आहे, त्याला हे पटेल.

विगृह्य संभाषेकडे वळले की त्याच चरकाचा सूर बदलतो. तिथे तो सल्ला देतो की प्रतिपक्षी आधी जोखून घ्यावा. त्याचे पाठांतर कच्चे असेल तर लांबलचक सूत्रे म्हणून त्याला गारद करावे. अर्थज्ञान कमी असेल तर अवघड शब्दांनी भरलेली वाक्ये फेकावीत. लांब वाक्य ध्यानात राहत नसेल तर वाक्ये लांबवावीत. फारच अंगावर आला तर अजून वर्षभर शिकून या, गुरूची सेवा झालेली दिसत नाही, असे सुनावावे. सभा सुज्ञ आहे की अडाणी, आपल्याकडची आहे, उदासीन आहे की विरोधी, हेही आधी पाहावे. आणि सर्वांत चलाख सल्ला असा : सभेला आधीच आपल्या बाजूला वळवून घ्यावे, प्रतिपक्ष्याला जड जाईल असा विषय तिच्याकडूनच काढवावा, आणि मग साळसूदपणे म्हणावे की आम्ही काय बोलणार, वादाचा विषय आणि वादमर्यादा ही सभाच तिच्या इच्छेप्रमाणे ठरवील, असे म्हणून गप्प बसावे.

माझ्या मते सगळी गोम इथे आहे. ज्या पानावर वादमर्यादा सांगितली आहे, त्याच्या शेजारीच ती कशी पळवावी हेही सांगितले आहे. म्हणजे नियम असणे पुरेसे नाही. ते कोणी केले, केव्हा केले आणि करताना दुसरा पक्ष खोलीत होता का, यावर त्यांचा न्याय ठरतो. आमच्या त्या बैठकीत नियमच नव्हते असे आपण समजू नका. ‘वेळ संपली’ हा नियमच होता. फक्त तो साडेसात वाजता, म्हणजे सरांची वीस मिनिटे होऊन गेल्यावर, काकूंसाठी जन्माला आला. आयत्या वेळी सुचलेला नियम नेहमी ज्याचा आवाज लहान आहे त्याच्यावर पडतो, कारण मोठा आवाज थांबवायला अध्यक्षाला धीर होत नाही. मला झाला नाही.

अशा लढाऊ वादाविषयी चरकाला स्वतःलाही धास्ती होती. चिडलेल्या माणसाला करू नये असे काही उरत नाही आणि बोलू नये असेही काही उरत नाही, म्हणून शहाणे लोक सज्जनांच्या सभेतील कलहाचे कौतुक करीत नाहीत, अशा आशयाचा इशारा त्याने देऊन ठेवला आहे.

न्यायशास्त्राने हेच काम अधिक काटेकोरपणे केले. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार आहेत. वाद म्हणजे दोन बाजूंनी प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे सत्य शोधणे. जल्प म्हणजे जिंकण्यासाठी बोलणे. त्यात शब्दच्छल, फसवी उत्तरे, अडवणूक, सारे चालते. वितंडा म्हणजे स्वतःची बाजू न मांडता केवळ दुसऱ्याची खोडणे. मराठीत आपण ‘वितंडवाद’ असा जोडशब्द करून दोन्हींची खिचडी केली, ते असो. सूत्रकार जल्प आणि वितंडा यांना अगदीच टाकून देत नाही. कोवळ्या रोपाभोवती काटेरी फांद्यांचे कुंपण लागते, तसे निश्चित झालेल्या तत्त्वाच्या रक्षणासाठी हे दोन आहेत, असे तो म्हणतो. मात्र कुंपण म्हणजे शेत नव्हे, हे सभा चालवणाऱ्याने विसरू नये.

शब्दच्छलाचे न्यायभाष्यातील उदाहरण प्रसिद्ध आहे. कोणी ‘नवकंबल’ म्हटले, म्हणजे नवे कांबळे असलेला. आणि ऐकणाऱ्याने विचारले, याच्याजवळ नऊ कांबळी कुठे आहेत? एकच तर आहे! काकूंचे ‘फावत नाही’ पकडणे याच घराण्यातले. त्या निबंधात जे सांगत होत्या त्याचा त्या शब्दाशी त्या क्षणी संबंधच नव्हता.

न्यायसूत्रांच्या शेवटच्या अध्यायात २२ निग्रहस्थाने आहेत. निग्रहस्थान म्हणजे जिथे बोलणारा अडकला, हरला असे समजावे ती जागा. सगळी इथे सांगत बसत नाही. पण काही अशी आहेत की ती वाचताना आपल्याला आपल्या ओळखीची माणसे दिसू लागतात. मूळ मुद्दा सोडून भलतेच बोलणे, हे अर्थांतर. अडचण आली की ‘मला एक काम आहे, निघतो’ म्हणून उठणे, हा विक्षेप. आपल्यावरचा दोष न नाकारता ‘तो तुमच्यातही आहे’ म्हणणे, ही मतानुज्ञा. घरातल्या भांडणांत हिच्याइतके दुसरे काही ऐकू येत नाही. दोष नसताना दोष लावणे, हा निरनुयोज्यानुयोग. नाव अवघड, पण सवय फार सोपी.

त्यांतल्या दोन मला विशेष मोलाच्या वाटतात. एकीचे नाव अविज्ञातार्थ. तीनदा सांगूनही सभेला आणि प्रतिपक्ष्याला कळले नाही, तर दोष बोलणाऱ्याचा. दुसरी अननुभाषण. सभेला कळलेले, तीनदा सांगितलेले वाक्य प्रतिपक्ष्याला परत उच्चारता आले नाही, तर दोष त्याचा. कारण जे परत सांगता येत नाही त्याचे खंडन तो कशाचे करणार? दोन्ही जोडून पाहा. बोलणाऱ्याने कळेल असे बोलायचे, ऐकणाऱ्याने ऐकल्याचा पुरावा द्यायचा, आणि दोघांच्या मध्ये साक्षीला सभा. ही व्यवस्था एवढी साधी आहे की आपण ती आजवर का वापरली नाही, याचेच नवल वाटते.

आणखी एक स्थान आहे : पर्यनुयोज्योपेक्षण. प्रतिपक्षी खरोखर चुकला, पण आपल्या ते लक्षात आले नाही आणि आपण सोडून दिले, तर तोही आपलाच दोष. पण मग हा दोष दाखवणार कोण? जो चुकला तो सांगणार नाही, ज्याने सोडले त्याला माहीतच नाही. भाष्यकार वात्स्यायनाने याचे उत्तर मिस्किलपणे दिले आहे. आपली लंगोटी आपण होऊन कोण सोडून दाखवील, म्हणून हे सभेनेच सांगायचे. म्हणजे सभा ही केवळ टाळ्या वाजवणारी नव्हे, दोन्ही पक्षांना जे दिसत नाही ते दाखवण्याचे काम तिच्याकडे आहे. आमच्या त्या बैठकीत वीस-बावीस माणसे होती. एकानेही ‘निबंध पुरा होऊ द्या’ म्हटले नाही. सभेने केलेली उपेक्षा मोजायला तेविसावे स्थान हवे होते.

अध्यक्षाविषयी बोलायचे तर आपल्याकडे शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांच्या वादाची कथा घरोघर सांगितली जाते. ती शंकरदिग्विजयातली, इतिहास म्हणून नव्हे, नियमांची कथा म्हणून ती पाहू. निर्णय देणारी उभयभारती ही मंडनमिश्रांची पत्नी. आजच्या हिशोबाने तिने ते काम घेणेच चूक. पण कथेत दोन गोष्टी आधी होतात. तिची निवड दोन्ही पक्षांना मान्य असते; आणि ती दोघांच्या गळ्यात सारख्या माळा घालते, ज्याची कोमेजेल तो हरला. स्वतःचे मत जिथे शिरू शकते तिथे तिने सगळ्यांना दिसेल अशी खूण ठेवली. माळ नवऱ्याची कोमेजली आणि तिने तसा निर्णय दिला.

याहूनही महत्त्वाचा भाग पुढचा. निर्णय दिल्यावर ती म्हणते की मी यांची अर्धांगी, मला जिंकल्याखेरीज जय पुरा होत नाही. आणि ती स्वतः वादाला बसते. पण तेव्हा ती निर्णय देणारी उरत नाही. आधी आसन सोडले, मग बाजू घेतली. आपल्या राज्यघटनेच्या १००व्या अनुच्छेदातही अशाच जातीचा संकोच आहे : सभापतीने पहिल्या फेरीत मत द्यायचे नाही, मते समसमान पडली तरच द्यायचे. आमच्या मंडळात अध्यक्ष समारोपाच्या नावाखाली अर्धा तास बोलतो, त्यात कोणाचे बरोबर हेही सांगून टाकतो, आणि त्यावर कोणाला उत्तर देता येत नाही, कारण समारोप झाला! हे आसन न सोडता वाद करणे झाले. मी ते बरीच वर्षे केले आहे.

आता कोणी नियम मोडलाच, आणि त्याला थांबवावे किंवा काही काळ दूर ठेवावे लागले, तर ते कोणी ठरवायचे? १९६९ साली सर्वोच्च न्यायालयासमोर क्रैपाक यांचा खटला आला. वनसेवेसाठी उमेदवार निवडणाऱ्या मंडळावर जे वनाधिकारी बसले होते, ते स्वतःही उमेदवार होते. त्यांच्या नावाचा विचार चालू असताना ते बैठकीत सहभागी झाले नव्हते. पण प्रतिस्पर्ध्यांची नावे चर्चेला होती तेव्हा सहभागी होते. न्यायालयाने निवड रद्द केली. पक्षपात प्रत्यक्षात झाला का, हे शोधत बसण्याची गरज नाही. झाला असेल असे वाटायला वाजवी जागा आहे, एवढे पुरे. अभ्यासमंडळ म्हणजे न्यायालय नव्हे, कबूल. पण ज्याच्याशी वाद झाला त्यानेच शिक्षा ठरवू नये, आणि ज्याला थांबवले त्याला कोणत्या नियमाने थांबवले ते सांगून त्याचे म्हणणे ऐकावे, एवढ्यासाठी वकील लागत नाही.

इतिवृत्त कोण लिहितो, हा प्रश्न लोक क्षुल्लक समजतात. १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांचे मुंबईच्या समुद्रकिनारी जे वाद गाजले, त्यांचा इंग्रजी वृत्तान्त जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने प्रसिद्ध केला. बोवेन त्या वादातला एक पक्ष होता. विष्णुबुवांच्या बाजूचा वृत्तान्त पुढे मराठीत वेगळा निघाला. बोवेन अप्रामाणिक होता असे मला म्हणायचे नाही. पण जिथे दोन पक्ष आहेत तिथे एकाच्या हाती लेखणी दिली की दुसऱ्याला स्वतःचे पुस्तक काढावे लागते, आणि दरवेळी दुसऱ्याजवळ तेवढे बळ असतेच असे नाही.

याच्या उलट, मतभेद नावानिशी टिपून ठेवण्याचे एक उदाहरण आम्हां बडोदेकरांना जवळचे आहे. राजशेखराची काव्यमीमांसा १९१६ साली गायकवाड प्राच्यमालेचा पहिला ग्रंथ म्हणून बडोद्यातूनच प्रसिद्ध झाली. राजशेखर आपल्या पणजोबांना, अकालजलदाला, महाराष्ट्राचा चूडामणी म्हणवतो. आणि स्वतः वावरला तो दूर कनौजच्या प्रतिहार दरबारात. म्हणजे आपल्यासारखाच, परमुलखात स्थिरावलेला! त्या ग्रंथात तो इतर आचार्यांची मते देतो, आणि त्यांच्यापेक्षा वेगळे असलेले आपल्या पत्नीचे, अवंतिसुंदरीचे, मतही तिच्या नावाने देतो. ‘काहींचे असे म्हणणे पडले’ अशी मोघम नोंद त्याने केली नाही.

त्याच ग्रंथात राजाने भरवायच्या कविसभेचा आराखडा आहे. सोळा खांब, चार दारे. उत्तरेला संस्कृत कवी, पूर्वेला प्राकृत, पश्चिमेला अपभ्रंश, दक्षिणेला भूतभाषेचे कवी. अपभ्रंश कवींच्या मागे चितारी, सोनार, सुतार, लोहार यांची बैठक. कोण उच्च आणि कोण नीच, याचे त्या काळचे गणित त्यात नाही असे मी म्हणत नाही. तरीही लक्षात घेण्याची गोष्ट ही की सभा भरण्याआधीच प्रत्येक भाषेची जागा आखून ठेवलेली आहे. अपभ्रंश बोलणाऱ्याला, तुझी भाषा भ्रष्ट, तू बाहेर बस, असे म्हटलेले नाही. ज्या बोलीवर परवा आम्ही हसलो, तिला राजशेखराने पश्चिमेची बाजू दिली असती. बडोदेही पश्चिमेलाच आहे.

‘काय बोलायचे नाही’ या कलमाविषयी मात्र सावध राहिले पाहिजे. हे कलम करताना पहिला मोह होतो तो विषयच वर्ज्य करण्याचा. सीमाभागातल्या मंडळाला वाटते, सीमाप्रश्न नको. गोव्यात वाटते, १९६७च्या जनमतकौलाचे आणि १९८७च्या राजभाषा कायद्याचे नाव काढायला नको, कोंकणी-मराठीवरून माणसे उठून जातील. हैदराबादेत आणखी काही. भीती खोटी नाही. पण ज्या विषयावर आपल्या घरांत रोज बोलणे होते, त्यावर अभ्यासमंडळात बोलायचे नाही असे ठरवले, तर त्या विषयाचा अभ्यास फक्त जेवणाच्या पंगतीत होणार, आणि तिथे कोश उघडायला कोणी उठत नाही. माझे मत असे की वर्ज्य करायची ती रीत, विषय नव्हे. माणसाच्या उच्चारावर, शिक्षणावर, मूळ गावावर किंवा जातीवर शेरा मारणे अवाच्य. मत कितीही विचित्र असले तरी ते वाच्य, फक्त आधार विचारला की तो द्यायचा, किंवा नाही म्हणून सांगायचे. विषयबंदी ही बहुधा अध्यक्षाच्या सोयीसाठी असते.

गेल्या पावसाळ्यात आम्ही बसून आमची वादमर्यादा लिहून काढली. एका कागदाची एक बाजू, त्याहून मोठी होऊ दिली नाही. निबंध पुरा होईपर्यंत कोणी बोलायचे नाही. ऐकू आले नाही तरच हात वर करायचा. पहिला आक्षेप घेणाऱ्याने आधी निबंधकाराचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगायचे, आणि निबंधकाराने ‘होय, हेच’ म्हटल्यावरच पुढे जायचे. याला सुरुवातीला वेळ जातो असे वाटले. पण निम्मे आक्षेप या पायरीवरच गळून पडतात, हे दोन बैठकांत दिसले. शेवटचा शब्द निबंधकाराचा. त्याची दहा मिनिटे आधीच बाजूला काढून ठेवायची, ती दुसऱ्या कोणाला द्यायची नाहीत. अध्यक्षाला बाजू घ्यायची असेल तर त्याने खुर्ची सोडायची आणि त्या दिवशी परत तिच्यात बसायचे नाही. इतिवृत्त दोन्ही पक्षांनी वाचल्यावर वहीत चढवायचे. नियम बदलायचा असेल तर जरूर बदलावा, पण तो पुढच्या बैठकीपासून लागू.

एका कलमावर मात्र एकमत झाले नाही. पहिल्या फेरीत प्रत्येकाला सारखाच वेळ, असे मी सुचवले होते. सरांनी विचारले, चाळीस वर्षे अभ्यास केलेल्याला आणि काल आलेल्याला सारखीच पाच मिनिटे, हा न्याय कसला? प्रश्न टाकाऊ नव्हता. ज्ञान सारखे नसते, आणि सभेला ज्ञानाचा लाभ व्हावा हेच तर मंडळाचे कारण. मी म्हटले, पहिल्या फेरीत कोणाला काय माहीत आहे हे सभेला अजून कळलेले नसते. ते कळण्यापुरती पाच मिनिटे सर्वांना सारखी द्यावीत. दुसऱ्या फेरीत सभा म्हणेल त्याने तासभर बोलावे. सरांना ते पुरतेपणी पटले नाही. त्यांची असहमती, त्यांच्या नावानिशी आणि त्यांनी सांगितलेल्या शब्दांत, कागदाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवली आहे. ती लिहिताना त्यांनी एक शब्द बदलायला लावला, तोही बदलला.

कागदाची एक प्रत मी काकूंकडे स्वतः नेऊन दिली. त्यांनी चहा केला, कागद वाचला आणि विचारले, ‘माझी पाच पानं राहिलीत, ती आधी होणार की हे नियम आधी वाचणार?’ नियम आधी, मी म्हटले, कारण ते तुम्हांलाही लागू आहेत. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘शनिवारी मला फावत नाही. रविवार असेल तर बघते.’ बैठक रविवारी हलवायची असेल तर सर्वांना पंधरा दिवस आधी कळवले पाहिजे, असे आता आमच्याच कागदावर आहे. पत्रे टाकली आहेत.